महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाला पुरेल असं किचन

आंबिया बहाराचा सौदा झाला, हातात पैसा आला, की नरखेड तालुक्यात घरांची कामं निघतात. दिवाळी मागे पडलेली असते, पुढच्या मिरगाच्या आत स्लॅब पडायला हवा ही घाई प्रत्येकाला असते आणि मिस्त्री एकाच वेळी चार ठिकाणी शब्द देऊन बसलेला असतो. या कामांत पूर्वी सगळा जीव बैठकीवर आणि दर्शनी भागावर खर्च व्हायचा. स्वयंपाकघराला उरलेली खोली, उरलेली फरशी. आता तसं राहिलेलं नाही. सावरगाव असो की जलालखेडा, घरातली सून मोबाइलवर दहा फोटो दाखवते आणि म्हणते, किचन असं पाहिजे. चांगली गोष्ट आहे. जिथे बाईचा अर्धा दिवस जातो त्या खोलीवर खर्च व्हायलाच हवा.

अडचण फोटोची आहे. ते किचन बहुतेक वेळा शहरातल्या चौथ्या मजल्यावरचं असतं. त्या घरात गहू पाच किलोच्या पिशवीतून येतो, भाजी अर्धा किलो येते आणि पाहुणे जास्त झाले तर जेवण बाहेरून मागवलं जातं. आपल्याकडे वर्षाचे गहू एकदम भरतात, तुरीची डाळ शेतातली असते, उन्हाळ्यात कुरड्या-सरगुंडे होतात आणि भादव्यात महालक्ष्म्या बसल्या की सोळा भाज्या, आंबील, कढी, पुरणपोळी असा पन्नास-साठ पानांचा स्वयंपाक एका दिवसात उतरवावा लागतो. म्हणून डिझायनरला फोटो दाखवायच्या आधी घरातल्या बायकांनी एकत्र बसून वर्षभरातले सर्वांत जड दिवस आठवावेत. त्या दिवसांना पुरेल असं स्वयंपाकघर रोजच्या वरण-भात-भाजीला आपोआप पुरतं.

मोठ्या शहरांतल्या बंगल्यांमध्ये सध्या ‘बॅक किचन’ नावाचा प्रकार जोरात आहे. दर्शनी किचन देखणं, चकचकीत. त्याच्या मागे एक छोटी खोली, जिथे तळण, मासळी, फोडण्या आणि भांडी. त्याला ‘डर्टी किचन’ किंवा ‘वेट किचन’ असंही म्हणतात आणि त्यासाठी वेगळे पैसे मोजतात. आपल्या जुन्या कवेलूच्या घरांत हेच होतं. आत सैपाकघर, मागच्या सपरीत दुसरी चूल, तिच्या पलीकडे मोरी आणि मग वाडी. नवीन स्लॅबचं घर बांधताना पहिली कुऱ्हाड याच सपरीवर पडते. ‘आता गॅस आहे, चूल कशाला’ म्हणून मागची जागा खोलीत घेतली जाते. मग चैत्रात गव्हाचा चीक शिजवायची वेळ येते. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा तो चीक घट्ट होऊ लागला की एकीला दोन्ही हातांनी गंज धरून ठेवावा लागतो आणि दुसरीला उभं राहून लाकडी दांड्यानं घोटत राहावं लागतं. हे काम ओट्यावरच्या शेगडीवर होत नाही. गंज छातीपर्यंत येतो, आणि घोटणारीचा हात उंच जाऊन तिचा जोर संपतो. त्याला जमिनीलगतची चूलच लागते. मग ती दगड मांडून अंगणात पेटते आणि पाच-सहा लाखांचं किचन त्या दिवशी बंद असतं.

तेव्हा माझा पहिला सल्ला असा: बजेट कमी असेल तर आतलं किचन दोन फूट लहान करा, पण मागची सपरी ठेवा. सहा बाय दहाची जागा पुरते. तिच्यात एक बैठी चूल, शेजारी मोठ्या बर्नरची जमिनीवरची गॅसची भट्टी, भांडी घासायची मोरी आणि वाडीत उघडणारं दार. तीन बाजूंना भिंत नको, अर्धी जाळी ठेवा. टिनाचं छत टाकणार असाल तर ते उंच घ्या, नाहीतर मे महिन्यात खाली उभं राहवत नाही. जुने कवेलू उतरवलेले असतील तर ते फेकू नका, इथे वापरा. आतलं किचन आणि सपरी यांच्यामध्ये एकच दार असावं आणि ते सिंकच्या जवळ पडावं, म्हणजे खरकटी भांडी घरभर फिरत नाहीत.

चूल ठेवा म्हणतो तेव्हा धूर ठेवा असं म्हणत नाही. पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या, संत्र्याच्या छाटणीचं लाकूड हे सगळं आपल्याकडे फुकट असतं आणि म्हणूनच बेहिशेब जळतं. घरातल्या चुलींच्या धुरामुळे जगात वर्षाला सुमारे ३२ लाख लोक अकाली मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज आहे. यावर डोकं चालवणारी माणसं आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात होऊन गेली. वर्ध्याच्या मगनवाडीत, जिथे जे. सी. कुमारप्पांनी ग्रामोद्योगाचं काम उभं केलं, तिथल्या मंडळींनी धुराडं असलेली ‘मगन चूल’ केली होती. तत्त्व साधं आहे. जाळ एका तोंडातून आत, भांड्यांखालून फिरून पुढे, आणि धूर नळीतून छताच्या वर. नळी छतापेक्षा किमान दोन-तीन फूट उंच न्या, वर टोपी बसवा आणि दर पावसाळ्याआधी आतली काजळी झाडून घ्या. काजळीनं चोंदलेली नळी असून नसल्यासारखी.

आता आतल्या किचनकडे. आजच्या मॉड्युलर किचनचं मूळ जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये आहे. तिथे १९२६ साली मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की या वास्तुकार बाईंनी कामगारांच्या घरांसाठी एक किचन आखलं, साधारण १.९ बाय ३.४ मीटरचं. पावलं वाचावीत, हात पुरेल तिथे सगळं असावं, असा त्यामागचा हिशेब होता. पुढे अमेरिकेत ‘कामाचा त्रिकोण’ आला: शेगडी, सिंक आणि फ्रिज यांच्यातल्या तिन्ही अंतरांची बेरीज १३ ते २६ फुटांच्या दरम्यान असावी. आजही कुठल्याही शोरूममध्ये तुम्हाला हाच त्रिकोण ऐकवतील. तो चुकीचा नाही. फक्त तो एकट्या बाईसाठी काढलेला आहे. आपल्या घरात सासू भाजी निवडते, सून भाकर थापते, जाऊ मिक्सरपाशी असते आणि मधून कुणीतरी पोरगं पाणी प्यायला घुसतं. त्यामुळे दोन ओटे समोरासमोर घेणार असाल तर मधली जागा साडेतीन फुटांच्या खाली जाऊ देऊ नका, चार फूट मिळाली तर उत्तम. आणि मधोमध आयलंड, म्हणजे तो सुटा ओटा, बारा बाय चौदापेक्षा लहान खोलीत घेऊच नका. त्याच जागेत पाच बाय सहा फुटांची मोकळी जमीन ठेवलीत तर पोळपाट घेऊन तिघी बसू शकतात, पापड लाटता येतात आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंसाठी तिथेच एक बुटका चौरंग किंवा खुर्चीच्या उंचीची फळी बसवता येते.

उंचीबद्दल दुकानदार ठोकळ ३४ इंच सांगतात. तो आकडा डोळे मिटून घेऊ नका. जी बाई रोज स्वयंपाक करते तिला सरळ उभं करा, कोपर काटकोनात वाकवायला सांगा, जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप घ्या आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करा. हा चिरण्या-मळण्याच्या ओट्याचा आकडा. पाच फूट उंचीच्या बाईला तो बहुधा ३२ इंचांच्या आसपास येतो. शेगडीची बाजू त्याहून आणखी तीन-चार इंच खाली घ्या, कारण ओट्यावर ठेवायची शेगडी स्वतःच पाच-सहा इंच उंच असते आणि तिच्यावर दहा लिटरचा गंज चढला की रश्शात पळी घालायला टाचा उचलाव्या लागतात. एकाच ओट्याला दोन उंच्या दिल्या तर मिस्त्री कुरकुर करतो, ग्रॅनाइटचा एक सांधा वाढतो. वाढू द्या. ओट्याची खोली दोन फूट, ओटा आणि वरच्या कपाटांत दीड ते दोन फुटांचं अंतर, आणि खाली पायाचे चवडे आत जातील अशी चार इंच उंच, तीन इंच खोल खाच. ही खाच नसेल तर माणूस ओट्यापासून लांब उभं राहतं आणि कंबर धरते.

हवेचं गणित मात्र शोरूमवाल्याला ठाऊक नसतं, ते आपलं आपणच मांडायला लागतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा आपल्या घरात कूलर असतो, आणि कूलर जितकी हवा आत ढकलतो तितकी बाहेर जायला वाट लागते. ती वाट स्वयंपाकघरातून काढा. बैठकीच्या किंवा माजघराच्या खिडकीत कूलर, आणि हवेची बाहेर जायची खिडकी ओट्याच्या भिंतीत. मग कूलरची हवाच फोडणीचा खकाणा घेऊन वाडीत जाते. याच्या उलट, स्वयंपाकघरातच कूलर बसवला की दोन गोष्टी होतात: शेगडीची ज्योत फडफडते किंवा विझते, आणि मिरचीचा ठसका थेट बैठकीत पोचतो. ज्योत विझून गॅस चालू राहणं हे तर धोक्याचंच. जागा निवडायला मोकळीक असेल तर किचन पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका. ती भिंत दुपारभर तापते आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळी उष्णता आत सोडते. पूर्व किंवा आग्नेय बरी. वास्तुशास्त्रवालेही खूश राहतात.

चिमणी घ्यायची तर धूर नळीनं भिंतीबाहेर टाकणारीच घ्या. नळी न लावता कोळशाच्या फिल्टरवर चालणाऱ्या चिमणीनं वास थोडा कमी होतो, पण उष्णता आणि वाफ खोलीतच राहतात. नळी सहा इंची, जितकी आखूड आणि जितकी कमी वळणं तितकी चांगली. चिमणी शेगडीपासून २६ ते ३० इंचांवर बसवा. त्याहून उंच बसवली तर धूर बाजूनं निसटतो. तीन बर्नरची शेगडी असेल तर ६० सेंटीमीटरची चिमणी अपुरी पडते, ९० ची पाहा. ‘ऑटो क्लीन’ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका, सावजी रश्शाच्या घरात तेलाची वाटी महिन्याभरातच भरते. आणि चिमणी असली तरी साधा एक्झॉस्ट पंखा वर लावाच. तो दुरुस्त करणारा गावात मिळतो.

ओपन किचनबद्दल विचाराल तर माझं मत स्पष्ट आहे: अर्धं उघडं ठेवा. बैठक आणि किचन यांच्यामध्ये साडेतीन फुटांची भिंत आणि वर सरकती काच. एरवी काच उघडी, सुनेला बैठकीतलं बोलणं ऐकू येतं, शाळेचा अभ्यास घेता येतो. ठेचा किंवा खाराची फोडणी असली की काच बंद.

साठवणीकडे येऊ. मॉड्युलर किचनच्या कुठल्याही नकाशात कोठी नसते. शंभर-दीडशे किलो गव्हाच्या कोठीला साधारण दोन-अडीच फूट चौरस जागा लागते, शिवाय झाकण उघडायला वर मोकळीक. ज्वारीची आणि डाळीची अशा आणखी दोन. या तिन्हींसाठी किचनला लागून चार बाय सहाची कोरडी, अंधारी, पण झरोका असलेली कोठीखोली काढा. शहरातले लोक हल्ली ‘पँट्री’ म्हणून हेच मागतात. कोठ्या भिंतीपासून चार बोटं लांब, लाकडी पाटांवर. धान्यात कडुलिंबाचा पाला घाला. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कधीही नको. त्यांतून निघणारा वायू जीवघेणा असतो आणि कोठीखोलीला लागून कुणी झोपत असेल तर विषयच संपला. कोठीखोली काढली की आतल्या किचनमध्ये निम्मी कपाटं लागतच नाहीत, आणि तिथला वाचलेला पैसा चांगल्या ड्रॉवरवर घालता येतो.

आता माल. तालुक्यातली बरीचशी जमीन काळी, आणि उधई तिथे पाचवीला पुजलेली. ओट्याखाली प्लायची पेटी बसवली आणि मागच्या भिंतीत ओल असली की दोन-तीन वर्षांत मागून पोकळ होते, पुढून लॅमिनेट जसंच्या तसं चमकत राहतं. म्हणून खालच्या भागासाठी जुना कडप्प्याचा सांगाडाच मला सर्वांत भरवशाचा वाटतो. विटांचे किंवा कडप्प्याचे उभे खण, वर ग्रॅनाइट, आणि पुढे फक्त दारं व ट्रॉल्या. त्याला ओल लागत नाही, उधई लागत नाही, आणि वर्धा किंवा जाम नदीच्या काठच्या गावांत पाणी घरात आलं तरी धुऊन पुसून पुन्हा वापरता येतं. ३० जुलै १९९१ च्या पुरानं मोवाडचं काय झालं हे ज्यांच्या घरात अजून बोललं जातं, त्यांना हे वेगळं सांगायला नको. यात एकच पथ्य: खण बांधायच्या आधी सुताराला बोलवा. ट्रॉलीची मापं ठरलेली असतात, आणि खण वरून अठरा इंच नि खालून साडेसतरा असला की ट्रॉली जन्मभर अडकते.

वरच्या कपाटांना प्लाय चालेल. तिथे ‘बीडब्ल्यूआर’ म्हणजे आयएस ३०३ चं पुरतं. सिंकखाली प्लाय वापरणारच असाल तर ‘बीडब्ल्यूपी’, आयएस ७१० चं हवं. हा शिक्का प्रत्येक पत्र्यावर असतो, तो कापण्याआधी स्वतः पाहा. एमडीएफ दिसायला गुळगुळीत असतं, पण पाणी लागलं की पोळीसारखं फुगतं. तारेच्या जाळीच्या ट्रॉल्या स्वस्त पडतात. त्यांत वाट्या-चमचे तिरपे होऊन अडकतात आणि सांध्यांत झुरळं राहतात. स्टीलच्या घेणार असाल तर ३०४ ग्रेड मागा आणि बिलावर लिहून घ्या. निम्म्या ट्रॉल्यांऐवजी पूर्ण बाहेर येणारे सपाट ड्रॉवर घेता आले तर घ्या, जड डबे त्यांत नीट बसतात.

ओट्यासाठी सध्या पांढऱ्या क्वार्ट्झची हवा आहे. तो दगडाचा चुरा आणि राळ यांचा बनवलेला असतो. तापलेला तवा थेट ठेवला की डाग पडतो आणि हळद सांडून राहिली तर पिवळेपणा जात नाही. आपल्याकडे ग्रॅनाइटच. अगदी काळाभोर मात्र घेऊ नका, बोअरच्या खाऱ्या पाण्याचे पांढरे ओघळ त्यावर लगेच दिसतात. करडा किंवा तपकिरी ठिपक्यांचा घ्या. खलबत्ता ओट्याच्या कडेला कुटू नका, खाली भिंत असेल तिथेच.

हॅंडल नसलेली दारं फोटोत सुंदर दिसतात. पिठाच्या हातांनी ती उघडायची म्हणजे वरच्या खाचेत कणीक साचते आणि दर आठवड्याला काडी घेऊन बसावं लागतं. साधं, जाड, ओल्या हातात न निसटणारं हॅंडल बसवा. काचेवरच्या हॉबचंही तसंच. जड गंज आदळला की काच जाते आणि दुरुस्तीवाला नागपूरहून येईपर्यंत घर उपाशी. चांगल्या पितळी बर्नरची स्टीलची शेगडी वर्षानुवर्षं चालते.

सिंक निवडायला जाताना एक काम करा: घरातला सर्वांत मोठा गंज आणि कणीक मळायचं कोपर सोबत न्या. दुकानदार हसेल, हसू द्या. दोन्ही सिंकमध्ये आडवे बसले पाहिजेत. २४ बाय १८ इंच आणि ९ इंच खोल, एकाच भांड्याचं सिंक आपल्याकडे बरं. दोन भांड्यांच्या सिंकमध्ये दोन्ही लहान निघतात. आरओ लावणार असाल तर त्याचं वाया जाणारं पाणी नळीनं सपरीतल्या मोरीत काढा, भांड्यांची पहिली धुणी त्यावर होते.

सिलिंडरची जागा हा विषय बहुतेक जण शेवटी आठवतात. १४.२ किलोचं सिलिंडर उभंच, शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडरच्या कपाटाच्या दाराला तळाशी झरोके हवेत. सिलिंडर बाहेर ठेवायचं असेल तर रबरी नळी भिंतीतून नेऊ नका, तिथे पक्की पाइपलाइन एजन्सीकडूनच करून घ्या. आयएसआय शिक्क्याची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदला.

आणि हे सगळं प्लास्टरच्या आधी ठरायला हवं. चिमणीचं भोक आणि पॉइंट, मिक्सरचा पॉइंट शेगडीपासून लांब, फ्रिजला स्वतंत्र, इंडक्शनला १६ अँपिअरचा सॉकेट आणि त्याला थेट बोर्डापासून ४ चौरस मिलिमीटरची वायर, चांगलं अर्थिंग. आज इंडक्शन घेणार नसलात तरी पॉइंट काढून ठेवा. ओट्यावरचा एक दिवा इन्व्हर्टरवर घ्या. वीज जायची वेळ आणि संध्याकाळच्या भाकरीची वेळ एकच असते. कपाटांची मापं मात्र टाइल्स लागल्यावरच द्यायची, आधी नाही.

कोटेशन घेताना सांगाडा, दारं, ट्रॉल्या-बिजागऱ्या, ग्रॅनाइट आणि बसवणी अशा पाच ओळी वेगळ्या लिहून घ्या. ‘रनिंग फुटाला इतके’ या एका आकड्यात काय काय नाही ते नंतर कळतं. शेवटचा हप्ता हातात ठेवा. काम संपलं असं सांगायला माणूस आला की चिमणी लावून वाळलेल्या मिरच्यांची फोडणी करा, सगळे ड्रॉवर भरून ओढून पाहा, सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा आणि खाली हात फिरवा. मग पैसे द्या.